ज्यानं बांधलं, त्यानं सोडायचं

आखातातल्या सोहारच्या कारखान्यात नूरुद्दीन परकारांना सगळे ‘दस मिनट चाचा’ म्हणायचे, आणि ते कौतुकानं म्हणत असं समजायचं काही कारण नाही. टाकीत उतरणाऱ्या माणसाच्या तोंडावर हवेचा मास्क चढवायला इतर शिफ्टमध्ये तीन मिनिटं लागत. नूरुद्दीनला दहा लागत. पट्टा ओढायचा, दोन बोटं आत सरकवून बघायची, सैल करायचा, पुन्हा ओढायचा. माणसाला मान डावीकडे वळवायला लावायची, मग उजवीकडे. सगळं मनासारखं झालं की त्याच्या हेल्मेटवर दोनदा टकटक करायचं. समोरच्यानं अंगठा वर केला तर तो पुढे, नाही केला तर पुन्हा पहिल्यापासून. सुपरवायझर घड्याळ बघत ‘यल्ला चाचा, यल्ला’ अशी घाई करत राहायचा आणि चाचा ऐकत नसे.

त्याहून मोठा वैताग म्हणजे शिफ्ट संपली, बस हॉर्न देतेय, तरी हा गृहस्थ टाकीच्या तोंडाशी बसलेला. का, तर त्यानं बांधलेला माणूस अजून आत आहे.

“मी बांधलाय, मीच सोडनार,” तो म्हणायचा. “ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं. आमच्यात तसाच होता.”

‘आमच्यात’ म्हणजे विमानदलात. नवीन पोरं कामाला लागली की त्यांना हे एकदा ऐकावंच लागे, आणि शेवटी ठरलेलं वाक्य यायचं: “वीस वर्षांत माझी एक नाडी चुकली नाय.” पोरं आपापसात हसत. नाड्या बांधण्यात एवढं काय मिरवायचं, असं त्यांना वाटे. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. ती नाडी कुणाच्या अंगावरची होती, हे त्यांना कुठे ठाऊक होतं?

दाभोळच्या खाडीकाठचा हा मुलगा एकोणिसाव्या वर्षी विमानदलात गेला. गावाला वाटलं, पोरगा विमान उडवणार. पहिल्या सुट्टीत आला तेव्हा त्यानं सांगितलं की कपडे, पॅराशूट, ऑक्सिजनचे मास्क हे सांभाळायचं काम आहे. गावानं त्याचा सरळ अर्थ लावला की नूरुद्दीन सरकारी शिंपी झाला. पुढे प्रत्येक सुट्टीत आत्या पायजमे घेऊन हजर. लग्नानंतर मेहनाजनं पडदे शिवायला काढले. त्यानं तेही शिवले, कारण खरं काम काय आहे ते सांगायची मुभा नव्हती. सही करून दिली होती. तोंडाला कुलूप.

खरं काम होतं ‘गरुड’. रशियन बनावटीचं, पोलादी अंगाचं, टेहळणीचं विमान. प्रवासी विमानं उडतात त्याच्या दुपटीहून वर जायचं, खालचा मुलूख कॅमेऱ्यात भरायचं आणि कुणाला कळायच्या आत परत यायचं. तिथं वर हवा जवळजवळ नसतेच. साध्या कपड्यात माणूस मिनिटभरही टिकणार नाही. म्हणून वैमानिकाला अंगाबरोबर आवळून बसणारा दाबाचा सूट चढवावा लागे. छाती, पाठ, दंड, मांड्या, सगळीकडे नाड्या. त्यावर हातमोजे, त्यांनाही नाड्या. वर माशाच्या काचेच्या भांड्यासारखं हेल्मेट. उड्डाणाआधी काही वेळ नुसता ऑक्सिजन ओढत बसवायचं, नाहीतर वर गेल्यावर रक्तच गोटी सोड्यासारखं फसफसायचं. वैमानिकाला स्वतःचं एक बक्कल स्वतः लावता येत नसे. पाळण्यातल्या मुलासारखा तो नूरुद्दीनच्या स्वाधीन असे.

आणि त्या विभागाची रीत अशी की ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं. नियमपुस्तकात ती कुठे लिहिलेली नव्हती. पण कुठली नाडी कुठल्या भोकात आहे हे बांधणाऱ्या हाताला माहीत असतं, दुसऱ्यानं घाईत ओढाताण केली तर दमलेल्या माणसाचे हाल. म्हणून साहेब वर असेपर्यंत बांधणारा धावपट्टीजवळच्या खोलीत बसून राही. जेवण नाही, नमाज तिथंच.

बांधताना साहेब लोक गप्प असत. सोडताना बोलत. हेल्मेट निघालं, घामानं निथळणारा चेहरा बाहेर आला, की पहिलं वाक्य बाहेर पडायचं, आणि ते समोर गुडघ्यावर बसलेल्या नूरुद्दीनला ऐकू यायचं. मागाहून अधिकारी यायचे, नकाशे यायचे, तिथं साहेब मोजून मापून बोलत. बायकोशी तर त्याबद्दल बोलायचंच नाही. पहिलं वाक्य मात्र नूरुद्दीनचं.

कुणी म्हणे, “नूर, आज भर दुपारी आकाश काळं होतं.” कुणी म्हणे, “काचेला हात लावला, हातमोज्यातून चटका बसला.” एकजण हसत म्हणाले होते, “वळायला सुरुवात केली एका राज्यात, वळून झालं तोवर दुसरं राज्य आलं.” एकदा एक तरुण साहेब काही न बोलता नुसते रडले आणि मग म्हणाले, “ढग नव्हते रे. माझ्या आईचं गाव दिसलं.” असली कितीतरी वाक्यं या माणसाच्या पोटात होती. सांगायची कुणाला? गाव तर पायजमे घेऊन उभं.

त्याचे खास साहेब म्हणजे विंग कमांडर गजेंद्र घोरपडे. साताऱ्याचे. सगळ्या तळावर हिंदी चालायची, पण या दोघांची मराठी. विमान कसं असतं ते त्याला घोरपडे साहेबांनीच समजावलं होतं, एकेक नाडी सुटत असताना. “वर गेल्यावर वेग एका आकड्यापुढे गेला की इंजिनं स्वतःलाच जाळून घेतात. आणि फार उतरला तर पंखांना धरायला हवाच नाही. त्या दोन्हींच्या मध्ये एक चिंचोळी वाट आहे, तिच्यावरून डावा हात थ्रॉटलवर ठेवून चालायचं. सगळं त्या डाव्या हाताला कळतं, नूर. डोळ्यांना नंतर.” आणि उतरणं? “हत्ती जिन्यावरून खाली आणायचा, तोही पळवत.” जमिनीला टेकताना ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेग, मागून पॅराशूट उघडायचं, चाकांतून धूर, आणि तेव्हा कुठे गरुड थांबायचं.

जानेवारी २००६ मध्ये घोरपडे साहेबांचं शेवटचं उड्डाण होतं. त्यानंतर त्यांची दिल्लीला कार्यालयात बदली होती, आणि नूरुद्दीनचीही नोकरी सहा महिन्यांत संपणार होती. त्या सकाळी तो त्यांना बांधत होता. हेल्मेट झालं, उजवा हातमोजा झाला, डावा राहिला होता. एवढ्यात त्याच्या हाताखालचा जहूर दारात आला. दाभोळहून फोन आहे. भाभीला दवाखान्यात नेलंय. दिवस भरायला अवकाश होता, पण रक्त जातंय.

हेल्मेटच्या आत साहेबांना काही ऐकू गेलं नाही. नूरुद्दीननं डावा हातमोजा बांधला, टकटक केलं, साहेबांनी अंगठा वर केला. आणि मग वीस वर्षांत पहिल्यांदा तो त्या खोलीत थांबला नाही. मुंबईची गाडी तासाभरात सुटत होती. ती त्यानं धावत पकडली.

मेहनाज वाचली. मुलगी झाली. तस्नीम. तिसऱ्या दिवशी त्यानं आनंदानं तळावर फोन लावला, तर जहूरनं सांगितलं, “साहब उतरे, आपको पूछा. हमने बताया. फिर किसी को हाथ नहीं लगाने दिया. अकेले अंदर गए, दरवाजा बंद. पौन घंटे बाद निकले, बायाँ हाथ जेब में, किसी से बात नहीं की.”

त्या सुटातून एकट्यानं बाहेर पडणं म्हणजे काय हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? साहेबांना आपला एवढा राग आला की त्यांनी दुसऱ्याचा हातसुद्धा लागू दिला नाही. शेवटचं उड्डाण, आणि आपण त्यांना बांधून निघून आलो. रजा संपवून तो परतला तोवर साहेब दिल्लीला गेले होते. त्यानं फोन नंबर मिळवला, जपून ठेवला आणि नऊ वर्षं लावला नाही. पेन्शन घेतली, सोहारला आला, मागोमाग बायको-मुलीला आणलं. दर जानेवारीत तस्नीमच्या वाढदिवसाला केक कापताना याचा चेहरा पडायचा. मेहनाजला कारण माहीत होतं. ती विषय काढत नसे.

२०१५ च्या नोव्हेंबरात एका बुधवारी जहूरचा व्हॉट्सअॅपवर निरोप आला. घोरपडे साहेब मस्कतला आहेत, मुलाकडे, दार्सैतमध्ये. पाठीचा कणा दबलाय. शनिवारी परत जाणार, पुण्यात ऑपरेशन. ऑपरेशन अवघड आहे म्हणतात.

म्हणजे हाताशी फक्त सुट्टीचा शुक्रवार.

“नको,” नूरुद्दीन म्हणाला. “आजारी मानसासमोर जाऊन त्यांना जुना राग आठवून द्यायचा काय?”

मेहनाज सांदणाचं पीठ घोटत होती. “नऊ वर्षां तोंड चुकवलंव. ऑपरेशनात काय इकडचं तिकडं झालं, तर उरलेली वर्षां कुनासमोर तोंड लपवनार? जा गप. आनी हिला पन न्या. हिच्यासाठीच पळून आलंव ना तुमी? बघू दे त्यांना कशासाठी ते.”

शुक्रवारी सकाळी बाप-लेक बसमध्ये बसले. मांडीवर सांदणांचा डबा. तस्नीमला मस्कतमधला मॉल बघायचा होता, तेवढ्यासाठी ती आली होती. शाळेत इंग्रजी बोलून बोलून तिचं मराठी अडखळत चालायचं.

“अब्बा, तुम्ही ते प्लेन उडवलं?”

“नाय.”

“रिपेअर केलं?”

“नाय. साहेबांच्या नाड्या बांधायचो.”

“फक्त नाड्या?” तिनं थोडा वेळ विचार केला. “ओके,” असं म्हणून ती खिडकीबाहेर बघायला लागली. आता पोरीला काय सांगणार? मस्कतच्या रुवीत उतरून त्यानं जुम्म्याची नमाज पढली, तिला आइस्क्रीम दिलं, आणि मॉल नंतर असं कबूल करून टॅक्सीनं दार्सैतला आला. कृष्ण मंदिराच्या मागची इमारत, तिसरा मजला. दारापाशी त्यानं दोनदा बेलकडे हात नेला आणि मागे घेतला. तिसऱ्यांदा तस्नीमनंच दाबली.

दार सुनेनं उघडलं. प्रियांका नाव. नवरा अजिंक्य दुक्मला प्रोजेक्टवर, या आठवड्यात घरी आलेला नव्हता, त्यामुळे सासऱ्यांचं सगळं तिच्यावर पडलं होतं. तिनं आत बसवलं.

साहेब खुर्चीत ताठ बसले होते. हौसेनं नव्हे. मानेपासून कमरेपर्यंत कडक पट्टा चढवलेला, त्याला सात-आठ बंद. केस पांढरे, गाल आत गेलेले. त्यांना मान वळवता येत नव्हती म्हणून नूरुद्दीन त्यांच्या समोर जाऊन उभा राहिला आणि नकळत त्याच्या टाचा जुळल्या.

“या, नूरुद्दीन,” साहेब म्हणाले. “बसा.”

नूर नाही, नूरुद्दीन. ये नाही, या. त्यानं ओळखायचं ते ओळखलं. खुर्चीच्या कडेवर बसला. चहा आला. साहेबांनी सोहारचं हवामान विचारलं, यानं सांगितलं. यानं साताऱ्याची चौकशी केली, त्यांनी सांगितलं. माफीची वाक्यं तो बसमध्ये पाठ करत आला होता, त्यातलं एकही आठवेना. दोघं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. असली भेट लवकर संपावी असं दोघांनाही वाटतंय, असंच कुणी म्हणालं असतं.

चार वाजले. प्रियांका उठली. दिवसातून दोनदा तासभर पट्टा काढून साहेबांना आडवं करायचं होतं. तिनं मधला बंद ओढला आणि साहेबांच्या तोंडून बारीक आवाज निघाला. तिनं घाबरून वरचा ओढला. साहेबांनी डोळे मिटून घेतले. पोर चांगली होती, काळजीनं करत होती, पण तिच्या हाताला ते काम माहीत नव्हतं.

“ताई, मधला आधी नको,” नूरुद्दीन म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. “सगळा भार त्याच्यावर हाय. मी करू?”

तो उत्तराची वाट न बघता खुर्चीसमोर गुडघ्यावर बसला. एक हात साहेबांच्या पाठीमागे घालून भार स्वतःवर घेतला. गळ्याजवळचा आधी, मग सगळ्यात खालचा, मग बाजूचे एकाआड एक. घाई नाही. प्रत्येक बंदापाशी दोन बोटं सरकवून थांबत होता. दहा मिनिटं लागली असतील. प्रियांका बघत राहिली. तस्नीमही आइस्क्रीमचे हात फ्रॉकला पुसायचं विसरून बघत राहिली. शेवटी त्यानं मधला बंद सोडला.

साहेबांनी लांब श्वास सोडला. डोळे अजून मिटलेलेच होते. “डावा हातमोजा आवळला होता रे, नूर,” ते म्हणाले.

नूरुद्दीनचे हात होते तिथेच थांबले.

“बसताना कळलं नाही. वर जाईपर्यंत मुंग्या आल्या. मग बोटं आहेत की नाहीत तेच कळेना. थ्रॉटलवर हात ठेवलाय हे डोळ्यांनी बघून खात्री करत होतो. सगळा प्रवास काट्यांकडे बघून केला. उतरताना तर...” ते थोडे हसले. “आपला तो हत्ती. त्या दिवशी आंधळ्यानं जिन्यावरून आणला.”

“साहेब,” तो म्हणाला. वीस वर्षांत एक नाडी चुकली नाही. किती लोकांना ऐकवलं होतं त्यानं. आणि चुकली ती या माणसाची, त्या हाताची, त्या दिवशी. लाजेनं त्याला वर बघवेना. “मला वाटत होतं तुमी रागानं दार लावलंव. मी सोडून गेलो म्हनून.”

“राग कसला? जहूरनं सांगितलं ना, बायको दवाखान्यात म्हणून. पण मोजा दुसऱ्या कुणी सोडला असता तर त्याला दिसलं असतं, नाडी एक भोक पुढे ओवलीय ते. मग रिपोर्ट, मग चौकशी. तुझी पेन्शन सहा महिन्यांवर. म्हणून दार लावलं आणि दातांनी सोडली. पाऊण तास लागला. हात काळानिळा झाला होता, चार दिवस खिशातून काढला नाही.”

“मग मला कधी का नाय सांगितलं?”

“तू फोन केलास का? मी म्हटलं, याला कुणीतरी सांगितलं असणार, शरमेनं करत नसेल. आपण कशाला जखमेवर बोट ठेवा? आज तू आलास, बसलास, तरी विषय काढेनास. मला वाटलं, याला ते नकोच आहे.” साहेबांनी आता डोळे उघडले. “आणि दुसऱ्या कुणाला सांगणार? हिच्या सासूलासुद्धा बोललो नाही. पहिलं वाक्य तुझं असतं, नूर. तू नव्हतास, म्हणून ते राहूनच गेलं.”

नूरुद्दीन तिथंच, त्यांच्या गुडघ्यांपाशी, लहान मुलासारखा रडला. साहेबांचा डावा हात त्याच्या डोक्यावर होता. प्रियांका आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

तस्नीम मात्र हलली नाही. तिनं मनात शब्द जुळवले आणि विचारलं, “अंकल, तुमचा हात आता बरा आहे का?”

“ही ती?” साहेबांनी विचारलं.

“हीच ती,” नूरुद्दीन म्हणाला.

साहेबांनी हात तिच्यापुढे धरला. “बघ दाबून. झालाय ना बरा?” तिनं एकेक बोट दाबून बघितलं आणि मान डोलावली.

तासाभरानं पट्टा पुन्हा चढवायची वेळ झाली. प्रियांकानं तो उचलला तसा साहेबांनी हातानंच तिला थांबवलं. “हा बांधेल. उद्या विमानात बसायचंय मला.”

नूरुद्दीननं बांधला. मधला आधी, शेवटी गळ्याजवळचा. डाव्या बाजूला त्यानं तीनदा बोटं घालून बघितली. साहेबांना हसू येत होतं. मग त्यानं पट्ट्याच्या खांद्यावर दोनदा टकटक केलं. साहेबांनी अंगठा वर केला.

“आपली रीत काय होती?” त्यांनी विचारलं.

“ज्यानं बांधलं त्यानं सोडायचं.”

“डॉक्टर म्हणतात, ऑपरेशननंतर सहा आठवडे पट्टा ठेवायचा. मग काढायचा, कायमचा.” ऑपरेशनची भीती त्यांनाही होती, आणि ती त्यांनी आतापर्यंत कुणाला दाखवली नव्हती. “तेव्हा थांबशील ना खोलीत? मागच्यासारखा जाऊ नकोस.”

“थांबतो, साहेब. तुमी नुसते परत या.”

त्या दिवशी मॉल राहूनच गेला आणि तस्नीमनं त्याची एकदाही आठवण केली नाही. परतीच्या बसमध्ये ती बापाच्या दंडावर डोकं टेकून बसली होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, “अब्बा, फक्त नाड्या नव्हत्या त्या.”

रविवारी कारखान्यात त्यानं आधी जानेवारीच्या रजेचा अर्ज दिला. मग नवीन आलेल्या तिघांना मास्क कसा बांधायचा ते दाखवायला उभा राहिला. रीत सांगितली, आणि सवयीनं ठरलेल्या वाक्यावर आला. “वीस वर्षांत माझी...” तो क्षणभर थांबला. “वीस वर्षांत माझी एक नाडी चुकली. डाव्या हातमोज्याची. बसा, सांगतो.”

सुपरवायझरनं घड्याळाकडे बघितलं. त्या दिवशी चाचांना अर्धा तास लागला.